वच्छलाबाईचा बगळा

नांदुऱ्यात शेषराव फोटोवाल्याकडे फोटो काढून आलेला माणूस घरी जाऊन आरशाशी भांडायचा. फोटोत गाल कसा गुळगुळीत, नजर कशी शांत. आणि आरशात बघावं तर तेच देवीचे वण अन् तीच नाकावरची पुटकुळी. लोक म्हणायचे, शेषरावच्या हाताला गुण आहे. शेषराव मिशीवर बोट फिरवून ऐकून घ्यायचे. हात मात्र वच्छलाबाईचा होता.

वच्छलाबाई म्हणजे शेषरावची बायको. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीचं पुस्तक आणलं तोवर लग्न ठरलं, आणि ते पुस्तक धाकट्या भावानं फाडून टाकलं. स्टेशनच्या रस्त्यावर तीन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मधल्या खोलीत संसार आणि मागच्या धान्याच्या कोठीत डार्करूम. मधल्या खोलीच्या उत्तरेच्या खिडकीशी तिचं उतरतं लाकडी डेस्क होतं. मधोमध काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडून काचेतून वर यायचा, आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह दिव्यासारखी उजळायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. चेहऱ्यावर जिथं वण, तिथं निगेटिव्हवर फिक्कट भोकं दिसायची. तीच भोकं सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं एकेक करून भरायची, म्हणजे छापलेल्या फोटोत वण गायब. याला रिटच म्हणायचे. दुपारची भांडी झाली की वच्छलाबाई पदर खोचून तिथं बसायची आणि गावाचे चेहरे लिंपून काढायची, जसं कोणी ओटा लिंपावा.

तिचा एक नेम होता. माणूस ओळखू तर आला पाहिजे, आणि त्याला स्वतःला बरंही वाटलं पाहिजे. भगवंतराव पाटलांनी सांगितलं होतं, नाकावरचा मस पुरा काढून टाका. तिनं अर्धाच काढला. शेषराव रागावले, तर म्हणाली, "पुरा काढला असता तं त्याईच्या बैलानं बी त्याईले ओयखलं नसतं." पाटलांनी तो फोटो दिवाणखान्यात लावला, अजून आहे म्हणतात.

महाराष्ट्र वेगळा झाला त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. शेषरावनी ओळखीच्या एका गार्डाच्या हातून मुंबईहून नवा कॅमेरा मागवला. तळहातावर मावणारा. जुना कॅमेरा शेषरावच्या वडिलांचा, सागवानी, तीन पायांचा, मागे काळं कापड. तो उचलायला दोन माणसं लागायची. नवा मात्र गळ्यात माळेसारखा घालून शेषराव सोनाळ्याच्या एका लग्नाला गेले आणि एका दिवसात छत्तीस फोटो काढून आले. आल्यावर चालणंच बदललं होतं त्यांचं.

"आता पाह्य तू," ते म्हणाले. "मांडवात फिरलो, चुलीपाशी गेलो, नवरदेवाच्या घोड्याबरोबर पयलो! त्या ठोकळ्यासंगं होत होतं काय हे?"

फिल्म धुऊन वाळली. वच्छलाबाईनं ती डेस्कच्या काचेवर धरली आणि तिचा हात तिथंच थांबला. जुनी निगेटिव्ह तळहाताएवढी असायची. ही पोस्टाच्या तिकिटाएवढी. त्यात मांडव, नवरदेव, वऱ्हाडी, घोडा, सगळं. नवरीचा चेहरा तिळाएवढा. पेन्सिल टेकवली, तर एका टोकानं नवरीचं नाक, डोळा आणि नथ तिन्ही झाकली गेली.

"अवो, इथं मी काय करू?"

शेषरावनी आधीच विचार करून ठेवला होता. "तुले काही कराचंच नाही. शालिग्राम म्हनला, फिल्म अकोल्याले पाठव. तिथं धुतात, मोठं करतात, छापून आगगाडीनं वापस धाडतात. आपल्याले फक्त फोटो काढाचे. तुह्ये डोये बी वाचतीन."

शालिग्राम म्हणजे शेषरावचा मावसभाऊ. अकोल्यात त्याचं फोटोच्या सामानाचं दुकान होतं.

"आन चेहरे?" वच्छलाबाईनं विचारलं.

"चेहऱ्याचं काय?"

"ते कोन साफ करीन?"

"असन तिथं कोनी. नाई तं जशी मानसं तशी येतीन. त्यात काय पाप हाय?"

पाप नव्हतं. पण त्या रात्री भाकरी थापताना वच्छलाबाईच्या मनात एकच हिशेब चालला होता. पुढच्या खोलीत कॅमेरा राहणार. मागच्या कोठीत परत ज्वारीची पोती जाणार. आणि मधल्या खोलीत खिडकीशी बसून वीस वर्षं जे केलं, ते कोणाला माहीतही नव्हतं, तेव्हा बंद झालेलं तरी कोणाला कळणार होतं? भाकरी करपली तेव्हा घरात कळलं, की काहीतरी झालं आहे.

सकाळी चहा पुढं ठेवून ती म्हणाली, "भाऊजीले कागद टाका. फोटो मोठं कराचं यंत्र असतेच ना त्याईच्या दुकानात? ते धाडा म्हना इकडे."

"अवं, ते शिकाले वरीस जाते!"

"भाकर शिकाले बी वरीस गेलं होतं. खाल्लीच ना तुमी?"

शालिग्राम स्वतःच यंत्र घेऊन आला, पॅसेंजरनं, पोत्यात गुंडाळून. उंच लोखंडी दांडी, वर डबा, डब्यात दिवा, खाली फळी. निगेटिव्ह डब्यात घालायची, दिवा लावला की चित्र मोठं होऊन फळीवरच्या कागदावर पडतं. त्याला एनलार्जर म्हणायचे. वच्छलाबाईनं त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "हा तं बगळा हाय. मान खाली घालून मासोयीची वाट पाहून राह्यला." तेव्हापासून त्या घरात त्याला बगळाच म्हणत.

शालिग्राम धंद्याचा माणूस. म्हणाला, "वयनी, पंधरा दिवस ठेवा. जमलं तं ठेवून घ्या, बदल्यात हा जुना सागवानी कॅमेरा मले द्या. नागपूरले एक शौकीन गिऱ्हाईक हाय त्याले. नाई जमलं तं पंधराव्या दिवशी मी येऊन बगळा घेऊन जाईन, आन तुमची फिल्म अकोल्याले येत जाईन. नात्यात काही खारं नाही, आंबट नाही."

शेषरावचा चेहरा पडला. नवा कॅमेरा हवा होता, पण जुना वडिलांचा होता. त्याच्या काळ्या कापडाला अजून वडिलांच्या विडीचा वास येतो असं ते म्हणायचे. वच्छलाबाईलाही कळत होतं. सागवानी कॅमेरा गेला, की मोठ्या निगेटिव्ह गेल्या. मोठ्या निगेटिव्ह गेल्या, की डेस्क, आरसा, पेन्सिली सगळं गेलं. म्हणजे नवं शिकायचं तर जुना हात कापून द्यायचा, आणि नव्या हाताला अजून बोटंही फुटलेली नाहीत. पण अकोल्याला पाठवलं तर दोन्ही हात गेले. तिनं पदर खोचला.

पहिले चार दिवस नुसती फजिती झाली. कागद काळा ठिक्कर पडायचा, नाहीतर कोरा राहायचा. किती वेळ दिवा ठेवायचा हे घड्याळावर बघावं, तर लाल दिव्यात काटा दिसेना. मग तिनं ज्वारी मोजतात तसं मोजायला सुरुवात केली: "लाभ, दोन, तीन, चार..." धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तसा तिचा पहिला फोटोही लाभाचाच निघाला; अकरावर दिवा बंद केला आणि औषधाच्या पाण्यात नवरदेवाचा घोडा हळूहळू वर आला.

पाचव्या दिवशी घोडा आला, पण दोन घोडे आले. एकावर एक, थरथरलेले. सहाव्या दिवशी तसेच. मशीनच बिघडलेलं आहे असं शेषराव म्हणायला लागले. वच्छलाबाई अंधारात हात बांधून उभी राहिली आणि ऐकत राहिली. थोड्या वेळानं शेजारची, फोटो पक्का करायच्या औषधाची म्हणजे हायपोची परात किणकिणली. मालगाडी जात होती. घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. लग्न झाल्यापासून ती धडधड इतकी अंगवळणी पडलेली, की कानाला ऐकूच येत नव्हती. बगळ्याला मात्र ऐकू येत होती, गाडी आली की तो मान हलवायचा.

"म्हंजे आता आगगाडीले थांबवतं का तू?" शेषराव हसले.

"तिले नाई थांबवत, मी थांबतो," वच्छलाबाई म्हणाली. तिनं गाड्यांच्या वेळा पाठ केल्या. मेल, पॅसेंजर, एक्सप्रेस. मालगाडीचा काही नेम नसतो, तिच्यासाठी परातीच्या कडेला एक चमचा टेकवून ठेवला. चमचा वाजला की दिवा बंद.

राहिला रिटच. आता पेन्सिल निगेटिव्हवर चालत नव्हती, म्हणून काम छापलेल्या कागदावर करायचं. शालिग्रामनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. कागदावर पांढरा ठिपका दिसला, तर तो छापतानाचा धुळीचा कण. तो शाईच्या बारीक ब्रशनं भरायचा. काळा ठिपका दिसला, तर कॅमेऱ्यात फिल्म भरतानाच धूळ आत गेलेली. तो ब्लेडच्या टोकानं हलकेच खरवडायचा. वच्छलाबाईनं ब्रशचे केस उपटून तीन ठेवले आणि ब्लेड मोडून त्याचं टोक दाभणाच्या मुठीत बसवलं. नवव्या दिवशी तिनं नवरीच्या गालावरचे पाच काळे ठिपके असे काढले, की शेषराव भिंग घेऊन शोधत बसले.

"जमलं म्हनाचं," ते पुटपुटले. शेषरावच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच झालं.

त्याच दिवशी सोनाळ्याचा कडूबा आला. वांग्या-मिरच्यांचा मळा करणारा, पस्तिशीचा माणूस. डोईचे केस काढलेले. चार दिवसांपूर्वी त्याची आई गेली होती, अन्नपूर्णाबाई. आयुष्यात एकदाही फोटोला बसलेली नव्हती. पण सोनाळ्याच्या त्या लग्नात शेषरावनी बायकांच्या पंगतीचा फोटो काढला होता, त्यात ती कोपऱ्यात होती. विधवा बाई, मांडवात पुढे कशाला येईल? पाण्याचा गडू हातात धरून कडेला बसलेली.

"तेवढाच हाय," कडूबा म्हणाला. "तेरवीले पाटावर ठेवाचा हाय. मायचा चेहरा मोठा निघन का, दादा?"

शेषराव तोंड उघडायच्या आत वच्छलाबाई म्हणाली, "निघन. चार दिवसानं या."

तिळाएवढा चेहरा तळहाताएवढा करायचा म्हणजे सोपं नव्हतं. तिनं सात कागद वाया घालवले. आठवा उतरला. कोरडा झाल्यावर खिडकीशी नेला, तर म्हातारीचा चेहरा समोर आला: खोल डोळे, घट्ट मिटलेले ओठ, डोक्यावर पांढरा पदर. आणि चेहराभर काळे ठिपके. त्या लग्नात घोड्यामागे पळता पळता शेषरावनी मांडवातच फिल्म भरली होती, तो सगळा धुराळा आत गेला होता. नवरीच्या गालावर पाच ठिपके, तर इथं चेहरा कितीतरी जास्त मोठा केलेला, म्हणून ठिपकेही मिरीएवढे. वच्छलाबाईनं ब्लेड घेतलं. कपाळावरचे काढले, गालावरचे काढले, हनुवटीवरचे काढले. दोन दिवस बसली. वीस वर्षांच्या हाताला एकच ठाऊक होतं: डाग दिसला की काढायचा. म्हातारी अशी स्वच्छ झाली, जशी आताच नदीवर तोंड धुऊन आली.

कडूबा आला, त्यानं फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला, परत जवळ आणला.

"हे माही माय नाही," तो म्हणाला.

"भाऊ, नीट पाहा. डोये पाहा."

"डोये तिचेच हायेत. पन गोंदन कुठं हाय?"

वच्छलाबाईनं फोटोतली हनुवटी पाहिली, ती स्वच्छ होती.

"बाप गेला तवा लोकाईनं तिचं कुकू पुसलं," कडूबा म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. "बांगड्या फोडल्या. जोडवे काढले. पन गोंदन कोनाले पुसता आलं नाही, वयनी. ते तिचं तिच्याजवळ राह्यलं. तुमी पुसलं."

तो फोटो तिथंच ठेवून गेला. शेषरावनी तो उचलून डेस्कवर ठेवला. मग म्हणाले, "परवा शालिग्राम येते. देऊन टाकू बगळा. आपलं काम नाही हे."

"ही चूक बगळ्याची नाई," वच्छलाबाई म्हणाली. "माह्या हाताची हाय."

"मंग तं आनखीच."

ती उठली आणि डार्करूममध्ये गेली. तोच चेहरा पुन्हा छापला. सगळे ठिपके परत आले, कारण निगेटिव्हवर ते होतेच. खिडकीशी बसून मोजले: सतरा. पण सतरातले धुळीचे कोणते आणि गोंदणाचे कोणते? कपाळावर सहा होते. हनुवटीवर चार, त्यातले तीन एका ओळीत आणि एक ओठाच्या कोपऱ्याखाली, ओळीबाहेर. गालांवर सात. निगेटिव्ह इतकी लहान, की धूळ आणि गोंदण सारखंच दिसत होतं. अंदाजानं ठेवले आणि चुकीचा डाग ठेवला, तर मेलेल्या बाईला परकं गोंदण जायचं. सगळेच ठेवले, तर म्हातारीला देवी झाल्या असं दिसायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिनं भाकरी बांधली. शेषरावनी विचारलं, "कुठं?"

"सोनाळ्याले. कडूबाले आता कोन्या तोंडानं इचारू? त्याच्या मायची सख्खी बहीन हाय तिथं, रुख्मिनी मावशी, तोच म्हनत होता. बहिनी बहिनी एकाच गोंदनारनीपाशी बसतात. तिचं पाहून येतो."

"येष्टी लागते तुले, एकटी कशी जासीन?"

"बसूनच जाईन ना. येष्टी चालवाची नाई हाय मले."

मोटार पूर्णा ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याकडे निघाली. वच्छलाबाई मांडीवर पिशवी धरून बसली होती, पिशवीत कागदाच्या घडीत म्हातारीचा ठिपक्यांचा फोटो. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोन हो तुमची?" वच्छलाबाई म्हणाली, "माहीत नाई अजून. तेच पाहाले चालली."

रुख्मिणी मावशीचं घर मळ्याच्या वाटेवर होतं. म्हातारी ओसरीत मिरच्यांचे देठ काढत बसलेली. डोळ्यांत फूल पडलेलं, माणूस सावलीसारखा दिसायचा. वच्छलाबाईनं पायाला हात लावला आणि जे केलं ते सांगितलं, काहीही न लपवता. मावशीचे हात थांबले नाहीत.

"म्हंजे पुसाचं काम करतं तू?"

"हाव, मावशी. लोकच पैसे देतात पुसाले."

"देतीन बाप्पा. आपले डाग कोनाले पायजेत?" मावशी हसली, तशी तोंडातली एकटी दाढ दिसली. "आन आता तुले काय पायजे?"

"मले तुमचं गोंदन पाहू द्या."

मावशीनं पदर मागे सारला. "डोयानं पाहू नको, सुरकुत्यात दडलं हाय. बोट लाव."

वच्छलाबाईनं तिच्या कपाळावर बोट ठेवलं. मधे एक मोठा टिपका, त्याच्याभोवती तीन लहान. चारच. म्हणजे सहातले दोन धुळीचे. तिनं पिशवीतला फोटो काढला, आणि आपल्या पेन्सिलीनं फोटोच्या पाठीवर खुणा केल्या. गालांवर मावशीला काहीच नव्हतं, तेव्हा गालावरचे सातही धूळ. मग हनुवटी. तिथं दोनच टिपके लागले.

"हनवटीवर दोन हायेत, मावशी. फोटोत चार दिसतात. एका ओयीत तीन, आन एक इकडे, ओठाखाली, वाकडा."

मावशीच्या हातातली मिरची खाली पडली.

"वाकडा दिसते?" तिनं विचारलं. "इथं?" आणि आपल्याच ओठाच्या डाव्या कोपऱ्याखाली बोट ठेवलं.

"हाव. तो तं मी धूळच धरून बसली होती."

"धूळ नाई व माय," मावशी म्हणाली. "तो माहा हाय."

ती बराच वेळ हसत होती, का रडत होती, त्या फुलाच्या डोळ्यांत काही कळेना. मग तिनं सांगितलं. दोघी बहिणी लहान, ही सात वर्षांची, अन्नपूर्णा नऊची. बाजाराच्या दिवशी गोंदणारीण आली. आईनं पायलीभर ज्वारी आधीच तिच्या झोळीत ओतली, दोघींच्या हनुवटीवर तीन-तीन टिपके ठरले. थोरलीचे झाले. धाकटीचे दोन झाले, आणि तिसऱ्याला सुई लागताच ती जी उठली ती पराटीच्या, म्हणजे कापसाच्या वावरात पळाली. संध्याकाळपर्यंत कोणाला सापडली नाही.

"माय म्हने, जवारी गेली, टिपका राह्यला. गोंदनारीन म्हने, वापस देनार नाई. तं आमची अन्नपूर्णा म्हने, वाया काऊन जाऊ देता? रुख्मीचा मले टोचा. तिची ओय भरलेली होती, मंग कुठं टोचन? ओठाखाली टोचला." मावशीनं नाक पदराला पुसलं. "जन्मभर मले चिडवे. म्हने, तुह्यं उसनं मी तोंडावर घेऊन फिरतो. मेल्यावर देवापाशी जाईन तं देव मोजीन आन इचारीन, हा एक जास्तीचा कोनाचा? मंग मी सांगीन, मांगून येऊन राह्यली तिचा हाय."

वच्छलाबाईनं फोटोच्या पाठीवर त्या टिपक्याची खूण दोनदा केली. मग, कशासाठी कोण जाणे, तिसऱ्यांदाही केली.

संध्याकाळच्या मोटारीनं ती परतली. दुसरा दिवस उजाडला तो पंधरावा होता. मेल गेली, पॅसेंजर गेली. तिनं बगळ्याचा दिवा लावला, "लाभ, दोन, तीन" म्हणत मोजलं, आणि अठरावर चमचा वाजला. मालगाडी. कागद गेला. दुसरा घेतला. या वेळी चमचा गप्प राहिला. औषधाच्या पाण्यातून अन्नपूर्णाबाई वर आली, सगळ्या धुळीसकट. पाठ दुखेपर्यंत वच्छलाबाई खिडकीशी बसली. गालावरचे सात काढले, कपाळावरचे दोन काढले. ब्लेड हनुवटीवर आलं, तेव्हा हात सवयीनं त्या वाकड्या टिपक्याकडे जायला लागला. तिनं हाताला चापट मारली, अगदी खरोखर, डाव्या हातानं उजव्याला.

शालिग्राम दुपारच्या गाडीनं आला, बरोबर हमाल. चहा झाला. तेवढ्यात कडूबाही आला. त्याला शेषरावनी निरोप धाडला होता. बायकोला न सांगता, हे वच्छलाबाईला नंतर कळलं.

तिनं फोटो त्याच्या हातात दिला आणि चुलीकडे पाहत उभी राहिली.

कडूबानं कपाळ पाहिलं. हनुवटी पाहिली. मग त्याचं बोट हळूच ओठाखाली गेलं, फोटोतल्या नव्हे, स्वतःच्या.

"वयनी, हा मावशीचा टिपका," तो म्हणाला. "हा तुमाले कोनं सांगतला?"

"ज्याईचा हाय त्याईनंच."

त्यानं फोटो उपरण्यात घातला, छातीशी धरला. दारापर्यंत गेला आणि परत आला. "आनखी एक काढून ठेवा. मावशीसाठी. तिले दिसत नाई, पन घरात पायजे."

तो गेल्यावर खोलीत तिघं उरले. हमाल बाहेर विडी ओढत होता. शालिग्राम खाकरला. "मंग काय ठरलं, दादा? बगळा उचलू का कॅमेरा?"

शेषरावनी बायकोकडे पाहिलं. हे वच्छलाबाईच्या आठवणीत पहिल्यांदाच झालं, की धंद्याच्या गोष्टीत त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं. पण कॅमेरा त्यांच्या वडिलांचा होता. ती उठली, खिडकीशी गेली, डेस्कची काच काढली, खालचा आरसा काढला, आणि दोन्ही पुसून शालिग्रामपुढे ठेवली.

"भाऊजी, हे बी घेऊन जा. त्या कॅमेऱ्याबिगर हे मले काय कामाचं? तुमच्या नागपूरवाल्याले लागन."

शेषरावनी त्या काचेकडे, आरशाकडे पाहिलं. मग उठले आणि सागवानी कॅमेऱ्याचे तीन पाय स्वतःच्या हातानं मिटवले, एकेक करून, जसं म्हाताऱ्या माणसाला खाटेवर निजवावं. काळं कापड मात्र काढून काखेत धरलं.

"हे नाई देत मी," ते म्हणाले.

"नका देऊ," वच्छलाबाई म्हणाली. "कोठीच्या झरोक्यातून उजेड येते. तिथं लावू."

हमालानं कॅमेरा डोक्यावर घेतला. शेषराव स्टेशनपर्यंत पोचवायला गेले, शालिग्रामला का कॅमेऱ्याला, ते त्यांनाच ठाऊक. वच्छलाबाईनं स्टूल ओढलं आणि झरोक्यावर कापड खिळ्यांनी ठोकलं. कोठीत असा काळोख झाला, की आपला हात आपल्याला दिसेना. कापडाला विडीचा वास खरोखरच येत होता. इतकी वर्षं तिला वाटलं होतं, शेषराव उगाच म्हणतात.

लाल दिवा लावून तिनं रिटचच्या त्या सुईसारख्या पेन्सिलींतली एक घेतली आणि बगळ्यामागच्या भिंतीवर, दुसरीपर्यंतच्या अक्षरांत, गाड्यांच्या वेळा लिहिल्या. मेल. पॅसेंजर. खाली मालगाडी लिहिलं, आणि पुढची जागा मोकळी ठेवली. मग मावशीसाठीचा कागद फळीवर ठेवला. दिव्याच्या बटणाला हात लावणार, तोच परातीवरचा चमचा किणकिणला.

"जाय बाप्पा, जाय," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "डबे तरी किती जोडता रे तुमी." आणि बटणावर बोट ठेवून, शेवटचा डबा जाईपर्यंत, ती उभी राहिली.